जुन्या मोटारगाड्यांच्या शीतक-नळ्यांची निवड : वऱ्हाडातील उष्णमान व पाणी यांच्या संदर्भात

१. प्रास्ताविक

मोटारीच्या एंजिनात पेट्रोलच्या ज्वलनाने जी उष्णता उत्पन्न होते, तिचा स्थूलमानाने एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश भाग पाण्याच्या वाटे बाहेर टाकावा लागतो. हे पाणी एंजिन व रेडिएटर यांच्या दरम्यान ज्या रबरी नळ्यांतून फिरते, त्यांचे मोल सबंध यंत्राच्या मानाने क्षुल्लक असते. तथापि त्यांतील एखादी नळी प्रवासात फुटली, तर काही मिनिटांतच सिलिंडर हेड वाकते, गॅस्केट जळते आणि जुन्या गाडीच्या बाबतीत पुन्हा न मिळणारा असा भाग कायमचा निकामी होतो. नळीची निवड हा म्हणूनच दुकानदाराच्या मर्जीवर सोडून देण्याजोगा विषय नव्हे. त्यात उष्माशास्त्र, रसायनशास्त्र व द्रव्यविज्ञान या तिन्हींचा संबंध येतो.

बडनेरा हे मुंबई–नागपूर लोहमार्गावरील जंक्शन असून अमरावतीची शाखा येथूनच फुटते. सुरतेहून अकोला, अमरावती व नागपूर या मार्गे कलकत्त्याकडे जाणारा महामार्ग, म्हणजे पूर्वीचा क्रमांक ६ व आताचा क्रमांक ५३, याच परिसरातून जातो. या भागात ज्या जुन्या गाड्या आजही जतन केलेल्या आढळतात, त्या बहुधा तीन घराण्यांतील असतात : उत्तरपारा येथे २०१४ पर्यंत तयार होत असलेली अँबॅसडर, मुंबईत कुर्ला येथे तयार झालेली फियाट ११०० व तिचेच पुढील रूप असलेली प्रीमियर पद्मिनी, आणि महिंद्र यांची जीप. यांपैकी एकाही गाडीचा मूळ आराखडा वऱ्हाडासाठी तयार झालेला नव्हता. अँबॅसडर ही इंग्लंडमधील मॉरिस ऑक्सफर्डची, फियाट इटलीतील गाडीची आणि जीप ही अमेरिकन विलिसची अनुकृती होय.

या जुन्या गाड्यांना आता कायद्यानेही निराळे स्थान दिले आहे. केंद्र शासनाने जुलै १९२१ मध्ये नव्हे, तर अगदी अलीकडे, म्हणजे जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती केली, तीनुसार प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या व मूळ रूपात राखलेल्या बिनव्यापारी दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी व ‘व्ही.ए.’ ही अक्षरमाला मिळते. अशी गाडी नित्याच्या वा व्यापारी उपयोगासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, मेळावा, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व दुरुस्ती अशा कारणांपुरतीच ती चालविता येते. याचा शीतक-नळ्यांशी थेट संबंध आहे. गाडी वर्षातील बहुतेक दिवस उभी असते आणि जेव्हा निघते तेव्हा बहुधा मंदगतीने, उन्हात व मिरवणुकीच्या चालीने निघते. नळीच्या दृष्टीने या दोन्ही अवस्था नित्याच्या धावण्याहून अधिक घातक आहेत.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य असे की, वऱ्हाडात जुन्या गाडीसाठी नळी निवडताना प्रथम पाण्याचा, नंतर दाबाचा, त्यानंतर रबराच्या जातीचा आणि शेवटी आकाराचा विचार करावयास हवा. व्यवहारात हा क्रम नेमका उलटा असतो.

२. नळीचे कार्य

एंजिन रबरी पायांवर बसविलेले असल्याने ते हादरते. रेडिएटर गाडीच्या सांगाड्याशी जखडलेला असतो. या दोहोंना जोडणारा दुवा लवचीक असणे भाग आहे, आणि हेच नळीचे पहिले कार्य. दुसरे कार्य अर्थातच पाणी वाहून नेण्याचे. तिसरे कार्य सहसा ध्यानात येत नाही. ते म्हणजे दाब धरून ठेवण्याचे.

आरंभीच्या मोटारींत हे तिसरे कार्य नव्हतेच. १९०८ ते १९२७ या काळात तयार झालेल्या फोर्डच्या टी मॉडेलमध्ये, पहिल्या थोड्या गाड्या सोडल्यास, पाण्याचा पंपदेखील नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वर चढे, थंड झालेले खाली उतरे, आणि अशा नैसर्गिक अभिसरणावरच काम भागे. तेथे नळी मोठ्या व्यासाची, आखूड, सरळ व जवळजवळ निर्दाब असे. पुढे पंप आला, थर्मोस्टॅट आला आणि रेडिएटरच्या तोंडावर दाब-झाकण आले. १९५० व १९६० च्या दशकांतील गाड्यांत हे झाकण सामान्यतः दर चौरस इंचास ४ ते ७ पौंड दाब धरणारे असे. नंतरच्या गाड्यांत ते १३ ते १५ पौंडांपर्यंत गेले.

वरची व खालची नळी यांचे भोग भिन्न असतात. वरच्या नळीतून एंजिनातून निघालेले अतितप्त पाणी रेडिएटरकडे जाते, म्हणून ती उष्णतेने व दाबाने जीर्ण होते. खालची नळी पंपाच्या शोषणाच्या बाजूस असते. पंप वेगाने फिरू लागला व रेडिएटरमध्ये गाळ साचलेला असला, म्हणजे तिच्यातील दाब उतरतो आणि मऊ पडलेली नळी आतल्या आत चपटी होते. हे घडू नये म्हणून पुष्कळ गाड्यांत खालच्या नळीत तारेची गुंडाळी घातलेली असते. जुनी नळी काढताना ही तार गंजून गळून पडलेली आढळली, तर नवी नळी तारेवाचून बसविण्याचा मोह होतो; तो टाळला पाहिजे. बडनेऱ्याहून अकोल्याकडे सपाट महामार्गावर वेगाने जाताना गाडी तापते आणि उभी करून एंजिन मंद चालू ठेवले असता निवते, अशी लक्षणे दिसली, तर दोष बहुधा खालच्या नळीत किंवा गाळाने भरलेल्या रेडिएटरमध्ये असतो. उलट, घाट चढताना वा गर्दीत गाडी तापत असेल, तर हवेचा प्रवाह, दाब व वरची नळी यांकडे पाहावे.

३. वऱ्हाडचे उष्णमान व उंची

रेडिएटरने बाहेर टाकावयाची उष्णता ही पाणी व हवा यांच्या तापमानांतील अंतराच्या प्रमाणात असते. पाणी ८५ अंश सेंटिग्रेड व हवा २० अंश असेल, तर हे अंतर ६५ अंशांचे होते. वऱ्हाडात मे महिन्यात दुपारी हवा ४५–४६ अंशांपर्यंत तापते. तेव्हा तेच अंतर ३९–४० अंशांवर येते. म्हणजे इंग्लंडातील उन्हाळ्यासाठी योजलेला रेडिएटर येथे आपल्या सामर्थ्याच्या सुमारे शेकडा साठ इतकेच काम करतो. परिणामी पाण्याचे तापमान चढते आणि नळीला आराखड्यात गृहीत धरलेल्याहून अधिक उष्ण पाणी दीर्घकाळ वाहावे लागते. तापमान दर दहा अंशांनी वाढले की रबराच्या ऱ्हासाची गती साधारणतः दुप्पट होते, हा स्थूल नियम येथे लागू केल्यास विलायती पुस्तकात दिलेले नळीचे आयुर्मान येथे का प्रत्ययास येत नाही, हे कळून येते.

उंचीचाही विचार करावयास हवा. बडनेऱ्याचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ३४० मीटर उंचीवर आहे. तेथे उघड्या भांड्यातील पाणी ९९ अंशांस उकळते. अमरावतीहून परतवाड्यामार्गे मेळघाटातील चिखलदऱ्यास गेले, की उंची सुमारे ११०० मीटरवर पोहोचते व उकळबिंदू ९६ अंशांवर येतो. ७ पौंडांचे झाकण नीट काम देत असेल, तर हाच उकळबिंदू बडनेऱ्यास सुमारे ११० आणि चिखलदऱ्यास सुमारे १०९ अंश होतो. दोन्ही ठिकाणी दाबामुळे लाभलेला सुरक्षेचा पल्ला अकरा-बारा अंशांचा आहे.

नळीच्या गळतीचा खरा अर्थ येथे स्पष्ट होतो. क्लिपखालून थेंब थेंब पाणी गळत असेल, तर त्या थेंबांनी रेडिएटर रिता होण्यास वेळ लागेल. परंतु दाब मात्र तत्काळ नाहीसा होतो. चिखलदऱ्याच्या चढावर १०० अंशांस निवांत असलेले पाणी त्या क्षणी आपल्या उकळबिंदूच्या वर असते आणि एकदम उसळते. वाफेचा बुडबुडा सिलिंडर हेडशी अडकला, की तेथील धातूला पाण्याचा स्पर्श उरत नाही. अँबॅसडरच्या जुन्या १४८९ घन सेंटिमीटर एंजिनात ठोकळा व हेड दोन्ही बिडाची असल्याने ती हा प्रसंग कदाचित निभावून नेईल. फियाट ११०० चा ठोकळा बिडाचा, पण हेड ॲल्युमिनियमचे आहे. दोन धातूंचे प्रसरण भिन्न असल्याने तेथे हेड वाकण्याचे भय अधिक. घाट चढून गाडी एकाएकी बंद केल्यास पंप व पंखा थांबतात, धातूतील साठलेली उष्णता पाण्यात उतरते आणि दाब काही काळ आणखी चढतो. चढ संपल्यावर, विसाव्याच्या जागी नळी फुटण्याचे प्रसंग याच कारणाने घडतात.

४. पाण्याचा प्रश्न

वऱ्हाडातील पाण्याचे एक वैशिष्ट्य नळीच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचे आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून पसरलेला खारपाणपट्टा सर्वश्रुत आहे. बडनेऱ्याच्या पश्चिमेस भातकुली व दर्यापूरच्या बाजूस गेले, की विहिरींचे पाणी पिण्यास व ओलितास अयोग्य ठरते. तेच पाणी वाटेत रेडिएटरमध्ये ओतले जाते. क्षारांचा थर तापलेल्या धातूवर बसतो, क्लोराइडे ॲल्युमिनियमला खातात, हे दुष्परिणाम परिचित आहेत. याहून कमी परिचित असा परिणाम रबरावर होतो.

१९८० च्या दशकानंतर नळ्यांच्या अभ्यासातून असे निष्पन्न झाले की, मोटारीतील पुष्कळ नळ्या केवळ उष्णतेने नव्हे, तर विद्युत्-रासायनिक क्रियेने निकामी होतात. रबरात मिसळलेली काजळी ही विद्युत्-वाहक असते. पाण्यात विरघळलेले क्षार ते वाहक बनवितात. रेडिएटर व एंजिन यांचे धातू भिन्न असतात. या तिघांच्या योगाने एक सूक्ष्म घट तयार होतो. त्यातील क्रियेने नळीच्या आतील पृष्ठावर केसासारख्या उभ्या चिरा पडतात, त्यांतून पाणी विणीच्या थरापर्यंत झिरपते, धागे दुबळे होतात आणि बाहेरून ठाकठीक दिसणारी नळी एके दिवशी फाटते. हा आघात नळीच्या दोन्ही टोकांस, धातूच्या तोटीपासून साधारण पाच सेंटिमीटरच्या आत, सर्वाधिक असतो. आणि उष्णतेने तो वेगावतो. खारे पाणी, उष्ण हवा व दीर्घकाळ उभी गाडी हा योग वऱ्हाडात सहज जुळून येतो.

यावरून पहिला नियम निघतो : नवी नळी आणण्यापूर्वी तिच्यातून काय वाहणार ते ठरवावे. विहिरीचे वा नळाचे पाणी वर्ज्य करून ऊर्ध्वपातित किंवा क्षारमुक्त पाणी घ्यावे व त्यात गंजरोधक द्रव्ययुक्त कूलंट मिसळावे. गोठणरोधक म्हणून विकल्या जाणाऱ्या एथिलीन ग्लायकॉलचा अर्धा भाग घातल्यास पाणी उणे ३५ अंशांच्याही खाली गोठते. वऱ्हाडात या गुणाचा उपयोग शून्य. शिवाय ग्लायकॉलची विशिष्ट उष्णता पाण्यापेक्षा बरीच कमी असल्याने प्रमाण वाढविले की मिश्रणाची उष्णता वाहण्याची शक्ती घटते. येथे कूलंटचे प्रयोजन गंजरोध व थोडा अधिक उकळबिंदू एवढेच आहे. त्यास्तव कारखान्याने गंजरोधासाठी सांगितलेले किमान प्रमाण, बहुधा शेकडा ३० ते ३३, पुरेसे होते. जुने रेडिएटर तांब्या-पितळेचे व शिश्याच्या डाखाचे असल्याने त्यांना मानवणारे, पारंपरिक गंजरोधकांचे कूलंट निवडावे. दोन जातींची कूलंटे एकमेकांत मिसळू नयेत. ग्लायकॉल चवीला गोड व विषारी आहे. काढलेले कूलंट उघड्यावर सांडू दिल्यास गुरे, कुत्री व लहान मुले यांना धोका संभवतो. एंजिनापासून सांगाड्याकडे व बॅटरीकडे जाणारी अर्थिंगची पट्टी स्वच्छ व घट्ट असावी. ती सैल असेल तर विद्युत्-प्रवाह पाण्यातून वाट काढतो.

५. रबराच्या जाती

नैसर्गिक रबर व्हल्कनीकरणाने टिकाऊ होते, हे चार्ल्स गुडइयर याने १८३९ मध्ये दाखविले. जुन्या गाड्यांच्या मूळ नळ्या नैसर्गिक रबराच्या किंवा स्टायरीन-ब्यूटाडाईन या संश्लिष्ट रबराच्या असून त्यांत सुती कापडाचे थर असत. या रबरांच्या रेणूंच्या मुख्य साखळीत द्विबंध असतात. हवेतील ओझोन नेमका त्यांवर हल्ला करतो आणि ताणाखाली असलेल्या वळणाच्या बाह्य भागावर आडव्या भेगा पडतात. उष्णतेने हे रबर कडक व ठिसूळ होते, सूत ओलाव्याने कुजते. वऱ्हाडच्या उन्हात आज अशी नळी बसविणे समर्थनीय नाही.

निओप्रीन हे १९३० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत तयार झालेले रबर. ते ओझोनला नैसर्गिक रबरापेक्षा अधिक दाद देत नाही व खनिज तेलाचा स्पर्शही बऱ्यापैकी सोसते. ज्या एंजिनातून तेल पाझरते व ते थेट नळीवर पडते, तेथे नळीचे बाह्य आवरण निओप्रीनचे असणे हितावह. तथापि तापलेल्या पाण्यात दीर्घकाळ टिकण्याच्या कामी ते पुढील जातीच्या मागे पडते.

एथिलीन, प्रॉपिलीन व अल्प प्रमाणात डायीन यांपासून होणारे, ई.पी.डी.एम. या अक्षरांनी ओळखले जाणारे रबर १९६० च्या दशकात बाजारात आले. झीग्लर व नाट्टा यांच्या ज्या उत्प्रेरकांना १९६३ चे नोबेल पारितोषिक लाभले, त्यांच्याच कुळातील उत्प्रेरकांनी ते शक्य झाले. याची मुख्य साखळी संतृप्त असल्याने ओझोनला तेथे शिरकाव नाही. तप्त पाणी व ग्लायकॉल त्याला मानवतात. आजच्या बहुतेक शीतक-नळ्या याच रबराच्या आहेत. त्यातही दोन प्रकार आहेत. गंधकाने व्हल्कनीकरण केलेले स्वस्त असते. पेरॉक्साइडाने केलेले अधिक उष्णता सोसते व दाबाखाली कमी चेपते. विद्युत्-रासायनिक चिरा टाळण्यासाठी कमी वाहक असे मिश्रण वापरलेल्या नळ्याही मिळतात. या रबराचा एकच मोठा दोष म्हणजे ते खनिज तेलात फुगते. एंजिनाची तेलगळती आधी बंद करावी आणि नळी चढविताना ग्रीस लावू नये. साधे पाणी किंवा साबणाचे पाणी पुरते.

सिलिकोन रबराच्या नळ्या मेळाव्यांतून हल्ली वारंवार दृष्टीस पडतात. त्यांच्या साखळीत कार्बनऐवजी सिलिकॉन व ऑक्सिजन आलटून पालटून येतात; त्या १७०–१८० अंशांपर्यंत टिकतात आणि काजळीविरहित मिश्रणामुळे विद्युत्-रासायनिक आघातापासून बव्हंशी मुक्त असतात. परंतु त्यांची बाष्प-पार्यता ई.पी.डी.एम.पेक्षा पुष्कळ अधिक असते, म्हणजे पाण्याची वाफ नळीच्या भिंतीतून हळूहळू निसटते व पातळी वारंवार पाहावी लागते. तेल व पेट्रोल त्यांना सोसत नाही. त्या मऊ असल्याने साध्या क्लिपच्या खाचांतून रबर पिळून बाहेर येते. निळ्या-तांबड्या रंगामुळे गाडीचे मूळ रूपही भंगते. जेथे पाण्याचे तापमान १०५–११० अंशांपलीकडे जाणार नाही, तेथे १८० अंशांची क्षमता विकत घेऊन हाती विशेष काही लागत नाही.

सर्व बाजूंनी विचार करता, वऱ्हाडातील जुन्या गाडीसाठी पॉलिएस्टर अथवा अरामिड धाग्याच्या विणीची, पेरॉक्साइडाने व्हल्कनीकरण केलेली, काळ्या ई.पी.डी.एम. रबराची नळी हीच सर्वांत युक्त ठरते. नळीवर अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेच्या ‘जे-२०’ या किंवा आंतरराष्ट्रीय ४०८१ क्रमांकाच्या मानकाचा निर्देश असेल, तर तिची परीक्षा झालेली आहे असे मानण्यास आधार मिळतो. केवळ ‘उष्णतारोधक’ एवढे छापलेले असल्यास त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

६. जुना साठा : एक भ्रम

गाडीच्या काळातीलच, मूळ वेष्टनातील न वापरलेली नळी मिळाली म्हणजे उत्तम झाले, असे संग्राहकांस वाटणे स्वाभाविक आहे. धातूच्या भागांबाबत हे योग्य, रबराबाबत नव्हे. रबर न वापरताही जुने होते. व्हल्कनीकृत रबराच्या साठवणीविषयीचे २२३० क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय मानक नैसर्गिक व स्टायरीन-ब्यूटाडाईन रबरास पाच वर्षे, निओप्रीनसारख्या रबरांस सात वर्षे आणि ई.पी.डी.एम. व सिलिकोन यांस दहा वर्षे इतकी प्राथमिक साठवण-मर्यादा घालून देते. तीही थंड, अंधाऱ्या व ओझोनमुक्त जागी ठेवल्यास. पत्र्याच्या छपराखाली कित्येक वैशाखवणवे काढलेली पद्मिनीची ‘नवी’ नळी वस्तुतः जीर्ण नळीच असते. ती प्रदर्शनात मांडावी, एंजिनास लावू नये. खरेदी करताना उत्पादनाचा महिना व वर्ष पाहावे; नळी दुमडून वळणावर सूक्ष्म भेगा दिसतात काय, तेही तपासावे.

७. मोजमाप, आकार व जोडणी

आकाराची निश्चिती जुन्या नळीवरून करू नये, कारण ती फुगलेली वा आखडलेली असते. तोटीचा बाह्य व्यास कॅलिपरने मोजून तोच नळीचा आतील व्यास धरावा. इंग्लिश घराण्यातील गाड्यांची मापे इंचांत, इटालियन गाड्यांची मिलिमीटरांत असतात. दीड इंच म्हणजे ३८.१ मिलिमीटर, तेव्हा ३८ ची नळी त्यास चालते, पण ४० ची नळी क्लिप आवळून ‘बसविणे’ चूक होय. जादा रबराला सुरकुती पडते व त्या सुरकुतीतूनच दाब निसटतो. एका टोकास मोठी व दुसऱ्या टोकास लहान तोटी असल्यास तशीच निमुळती नळी मिळवावी.

वाकलेल्या जागी सरळ नळी दुमडून बसविली तर वळणावर ती चपटी होते व प्रवाह अडतो. घडीव वळणाची नळी मिळत नसेल, तर दुसऱ्या एखाद्या गाडीच्या लांब घडीव नळीतून हवे ते वळण कापून घेता येते. जुन्या कारागिरांची ही रीत शास्त्रशुद्ध आहे. वळ्यावळ्यांची सर्वोपयोगी नळी वाटेतील तात्पुरत्या उपायास ठीक. तिच्या खाचांत गाळ बसतो व तिची भिंत सर्वत्र सारखी जाड नसते. नळी पंख्यापासून व धुराड्याच्या नळापासून दूर राहील आणि एंजिन झोके घेईल तेव्हा ताणली जाणार नाही, इतकी लांबी ठेवावी.

क्लिप ही नळीइतकीच महत्त्वाची. तोटीच्या तोंडाशी जो उंचवटा असतो, त्याच्या मागे, मात्र नळीच्या टोकापासून थोडी आत, क्लिप यावी. उंचवट्यावर आवळलेली क्लिप निसटते. तोटीवरील गंज व पांढरा क्षार घासून काढल्यावाचून नवी नळी कधीही बसवू नये. स्क्रूने आवळायची जी क्लिप आज सर्वत्र दिसते, ती १९२१ पासूनची. ती जुन्या गाडीवर शोभतेही. रबर तापून-निवून थोडे चेपत असल्याने पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर, एंजिन थंड असता, ती पुन्हा एकवार आवळावी. अति आवळल्यास पट्टी रबरात रुतते व आतील वीण कापली जाते.

८. दाबाची मर्यादा

गाडी तापते म्हणून ७ पौंडांच्या जागी १५ पौंडांचे झाकण लावण्याचा सल्ला वारंवार दिला जातो. यात उकळबिंदू वाढतो हे खरे. परंतु ३८ मिलिमीटर आतील व्यासाच्या नळीला तोटीवरून ढकलून काढणारे बल ७ पौंड दाबास सुमारे साडेपाच किलोग्रॅम असते, ते १५ पौंडांस सुमारे बारा किलोग्रॅम होते. नवी नळी हे सोसेल. पन्नास वर्षांपूर्वीचा डाख, हीटरची नळकांडी व पंपाचे सील मात्र सोसतीलच असे नाही. बळकट नळीमुळे एक नवा धोका उद्भवतो : पूर्वी जे नळीच्या वाटे फुटे, ते आता रेडिएटरच्या वाटे फुटते. नळी आठ-पंधरा दिवसांत मिळू शकते. मूळ रेडिएटर मिळेलच असे नाही. म्हणून झाकण मूळ दाबाचेच ठेवावे आणि तापण्याचे कारण गाळ, पंखा, पट्टा, प्रज्वलनाची वेळ यांत शोधावे. तापलेल्या गाडीचे झाकण उघडू नये, ही सूचना जुनी असली तरी येथे अवश्य सांगितली पाहिजे : दाब जाताच १०५ अंशांचे पाणी वाफ होऊन उघडणाऱ्याच्या हातातोंडावर येते.

९. परीक्षा व बदलण्याचा काल

नळीची परीक्षा एंजिन पूर्ण थंड असताना हातानेच करता येते. प्रथम नळीचा मधला भाग अंगठा व बोट यांत दाबावा. नंतर दोन्ही टोकांपासून पाच सेंटिमीटरच्या आतील भाग दाबावा. टोकाचा भाग मधल्यापेक्षा मऊ लागला, किंवा आत उभी खाच बोटास जाणवली, तर विद्युत्-रासायनिक ऱ्हास सुरू झाला असे समजावे. दाबताच करकरणारी नळी उष्णतेने, फुगलेली व चिकट नळी तेलाने आणि वळणावर भेगाळलेली नळी ओझोनने बाधित असते. गाडी किती किलोमीटर धावली यावर बदलण्याचा काल ठरवू नये. वर्षाकाठी पाचशे किलोमीटर चालणाऱ्या गाडीची नळीदेखील चार-पाच वर्षांनी, आणि शक्यतो उन्हाळ्यापूर्वी, बदलावी. सर्व नळ्या एकाच वेळी बदलणे इष्ट. बायपास व हीटर यांच्या लहान नळ्या विसरल्या जातात आणि तेथूनच गळती होते.

१०. समारोप

मूळ रूपाचा आग्रह व सुरक्षितता यांत येथे वस्तुतः विरोध नाही. काळी, कापडी विणीचा ठसा असलेली किंवा गुळगुळीत ई.पी.डी.एम. नळी व स्क्रूची क्लिप यांनी गाडीचे मूळ दर्शन अबाधित राहते. बदलते ते फक्त न दिसणारे द्रव्य. रबर, वंगण व पाणी हे जुन्या यंत्राचे क्षर घटक होत. ते काळानुरूप बदलल्यानेच अक्षर असे जे लोखंड, ते टिकते.

अभ्यासकांस या विषयात सोपा पण उपयुक्त प्रयोग करता येईल. काढून टाकलेली प्रत्येक नळी उभी चिरून तिच्या आतील चिरांची लांबी, टोकापासूनचे अंतर व त्या गाडीत वापरलेल्या पाण्याची विद्युत्-वाहकता यांची नोंद ठेवावी. एकाच नळीचे तुकडे करून काही खारपाणपट्ट्यातील विहिरीच्या पाण्यात, काही क्षारमुक्त पाण्यात व काही कूलंटच्या मिश्रणात, ८५ अंशांस, तांबे व ॲल्युमिनियम यांच्या सान्निध्यात ठेवून त्यांची ताणशक्ती ठराविक कालांतराने मोजावी. यासाठी लागणारी उपकरणे पदव्युत्तर विभागाच्या आवाक्याबाहेरची नाहीत, आणि प्रयोगास लागणारे खारे पाणी तर बडनेऱ्याहून तासाभराच्या वाटेवर आहे.